फीट आली? आधी घड्याळ बघा!

घरातला कुत्रा अचानक कोसळतो. पाय झाडतो, तोंडाला फेस येतो. आरडाओरडा ऐकून शेजारी जमतात आणि गर्दीतून कोणीतरी म्हणतंच, ‘पिसाळलाय वाटतं!’ पुढच्या पाच मिनिटांत काय करायचं आणि काय नाही, हे घरात एकाला जरी माहीत असलं तरी कुत्र्याचा जीव वाचू शकतो. तो ‘एक’ तुम्ही व्हा. हॉस्टेलवर असलात तरी.

कोयनानगर, हेळवाक, पाटण या पट्ट्यातली कितीतरी मुलं-मुली शिकायला कराडला, साताऱ्याला नाहीतर पुण्याला असतात. घरी आई-बाबा, आजी आणि कुत्रा. तो कुत्रा बहुतेक वेळा आपणच हट्ट करून आणलेला असतो. ‘मी सगळं करीन त्याचं’ असं कबूल करून आणलेला. मग अॅडमिशन होते, आपण बॅग भरून निघतो आणि त्याचं सगळं आईच्या गळ्यात पडतं.

आणि मग एखाद्या रात्री फोन येतो. ‘अगं, मोत्या पडलाय, थरथरतोय, तोंडातून फेस येतोय, काय करू?’

तुम्ही कराडला, म्हणजे पन्नास-साठ किलोमीटरवर. एसटी गेलेली. आई घाबरलेली. त्या क्षणी सर्च करून वाचत बसायला वेळ नसतो. म्हणून आत्ताच वाचून ठेवा.

डोक्यातला हादरा

आकडी म्हणा, फेफरं म्हणा, मिरगी म्हणा नाहीतर फीट म्हणा. माणसाला येते तशीच ती कुत्र्यालाही येते. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी बारीक संदेशांनी बोलत असतात. कधी कधी पेशींचा एखादा गट एकदम, बेताल संदेश सोडायला लागतो आणि त्याचा परिणाम अंगावर दिसतो. मेंदूच्या विजेचा आणि हातापायांच्या हालचालीचा हा संबंध कळला तोही कुत्र्यांमुळेच. १८७० मध्ये फ्रिच आणि हिट्झिग या दोन जर्मन संशोधकांनी कुत्र्याच्या मेंदूच्या ठरावीक भागाला विजेचा हलका प्रवाह दिला, तेव्हा त्याच्या विरुद्ध बाजूचा पाय हलला.

कोयनेच्या माणसाला हादरा म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप आपल्या आजी-आजोबांनी अनुभवलाय आणि त्यानंतर लहानमोठे धक्के आपल्याही पिढीला सवयीचे झालेत. धक्का थांबवणं कोणाच्या हातात नाही. पण त्याची तारीख, वेळ, तीव्रता नोंदवली जाते. धक्का बसला की काय करायचं, हे घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. फीटचंही तसंच आहे. चालू फीट तुम्ही हातानं धरून थांबवू शकत नाही. ती मोजणं, लिहून ठेवणं आणि तोवर कुत्र्याला इजा होऊ न देणं, हे मात्र तुमच्या हातात असतं.

धक्क्यासारखेच फीटचेही तीन टप्पे असतात. आधी कुत्रा थोडा विचित्र वागतो. उगाच पायात पायात करतो, कोपऱ्यात जाऊन बसतो, अस्वस्थ फिरतो. हे प्रत्येक वेळी लक्षात येईलच असं नाही. मग प्रत्यक्ष फीट. तो एका कुशीवर पडतो, अंग ताठ होतं, पोहल्यासारखे पाय हलतात, जबडा कटकट वाजतो, लाळ गळते, लघवी किंवा शी होते. बहुतेक फिट्स एक-दोन मिनिटांत संपतात. बघणाऱ्याला मात्र ती दोन मिनिटं अर्ध्या तासासारखी वाटतात. तिसरा टप्पा त्यानंतरचा. तो उठतो पण झोकांड्या खातो, भिंतीला धडकतो, तुम्हाला ओळखत नाही, सैरावैरा फिरतो, अधाशासारखं खातो. हे काही मिनिटं चालतं, कधी काही तास, क्वचित अख्खा दिवस.

ती पाच मिनिटं

फोनवर आईला सांगायच्या गोष्टी अशा. याच क्रमानं सांगा.

१. घड्याळ बघ. फीट कधी सुरू झाली, ती वेळ पकड. सगळ्यात महत्त्वाचं हेच.

२. तो जिथं पडलाय तिथंच राहू दे. जिना, ओटा, चुलीजवळची जागा, टेबलाचा कोपरा यापासून हलकेच बाजूला सरकव. डोक्याखाली गोधडी सरकव. गळ्यात साखळी असेल तर सोड.

३. तोंडाजवळ हात नेऊ नको. कुत्रा फीटमध्ये जीभ गिळत नाही. ती बाहेर काढायला गेलेली बोटं मात्र चावली जातात. तो मुद्दाम चावत नाही, त्याला त्या वेळी शुद्धच नसते.

४. कांदा हुंगवू नको, चप्पल नाकाला लावू नको, तोंडात पाणी ओतू नको. माणसाला फीट आली की आपल्याकडे जे जे केलं जातं, ते कुत्र्यावरही होतं. कांद्यानं फीट थांबत नाही. दोन मिनिटांनी ती आपली आपण थांबते आणि श्रेय कांद्याला मिळतं. बेशुद्ध कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं पाणी मात्र थेट फुप्फुसात जाऊ शकतं.

५. टीव्ही बंद, दिवा मंद, गर्दी बाहेर. पंखा लाव. फीट लांबली तर अंग तापतं, म्हणून पंजांना साध्या पाण्याचा ओला फडका लावला तर चालेल. बर्फ नको.

६. फीट थांबल्यावर त्याला त्याच्या वेळेनं उठू दे. मिठी मारायला धावू नको. नीट गिळता येतंय असं दिसलं की मग थोडं पाणी, नंतर खाणं.

आणि घरात दुसरं कोणी असेल तर त्यानं मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. रीलसाठी नाही, डॉक्टरसाठी. डॉक्टरसमोर पोहोचेपर्यंत कुत्रा अगदी नॉर्मल झालेला असतो. तो पडला ती फीट होती, की हृदयाच्या त्रासानं आलेली चक्कर, की विषबाधेचा थरकाप, हे तोंडी वर्णनापेक्षा तीस सेकंदांच्या व्हिडिओतून लवकर कळतं.

आता घड्याळ कशासाठी ते. फीट पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली, तर तो जिवाला धोका. चोवीस तासांत दोन किंवा जास्त फिट्स आल्या, तरी तो धोकाच. अशा वेळी ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही, गाडी काढायची. आयुष्यातली पहिलीच फीट असेल, पिल्लू अगदी लहान असेल, कुत्री नुकतीच व्यालेली आणि पिल्लांना पाजत असेल किंवा विष पोटात गेल्याचा संशय असेल, तरीही थांबू नका. पाजणाऱ्या कुत्रीच्या रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं आणि झटके येतात. लहान पिल्लाची साखर उतरते. दोन्हींवर वेळेत इलाज झाला तर ती वाचतात.

‘पिसाळला’ म्हणण्याआधी

फीटपेक्षाही मोठा धोका कधी कधी दारात जमलेल्या लोकांकडून असतो. फेस दिसला, डोळे फिरलेले दिसले की पहिला शब्द येतो ‘पिसाळला’. आणि त्यानंतर काठी.

लोकांची भीती खोटी नाही. रेबीज झाल्यावर वाचणं जवळजवळ अशक्य आहे, आणि रेबीजमध्येही झटके येऊ शकतात. पण फरक आहे, तो माहीत असायला हवा. साध्या फीटमधला कुत्रा काही मिनिटांत किंवा तासांत पुन्हा आपला होतो. शेपटी हलवतो, भाकरी खातो, हाक मारली की येतो. रेबीजमध्ये असं परत येणं नसतं. आवाज बदलतो, गिळता येत नाही, जबडा लोंबतो, चाल बिघडते, दिवसेंदिवस वाढतच जातं आणि लक्षणं दिसायला लागल्यापासून साधारण दहा दिवसांच्या आत कुत्रा मरतो.

म्हणून लसीचं कार्ड ही नुसती फॉर्मॅलिटी नाही. दरवर्षीची रेबीजची लस दिल्याची तारीख आणि शिक्का असलेलं कार्ड दारात दाखवता आलं, तर अर्धी गर्दी तिथंच पांगते. कार्डाचा फोटो तुमच्या आणि आईच्या, दोघांच्याही मोबाइलमध्ये ठेवा. कुत्र्याला लस नसेल, मधल्या काळात दुसऱ्या कुत्र्यानं त्याला चावलं असेल आणि वागणं बदललं असेल, तर मात्र हिरोगिरी नको. अंतर ठेवा, शक्य असेल तर खोलीत कोंडा आणि डॉक्टरला बोलवा. कोणाला चावला किंवा जखमेला लाळ लागली, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठून लस घ्या. हळद नाही, चुना नाही.

आणि कोणी काठी घेऊन आलाच तर त्याला शांतपणे सांगा की जनावर मारणं किंवा त्याला अपंग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली गुन्हा आहे.

फीट येते कशामुळे?

डॉक्टर आधी बाकीची कारणं तपासतात. शेतातलं कीटकनाशक, घुशी-उंदरांचं औषध, चॉकलेट. शुगर-फ्री च्युइंगममधलं झायलिटॉल माणसाला चालतं, पण कुत्र्याची साखर ते धोकादायक पातळीपर्यंत उतरवतं. म्हणजे सुट्टीत घरी गेल्यावर तुमची बॅगही तपासायला हवी! याशिवाय डोक्याला मार, लिव्हर-किडनीचे आजार, मेंदूतली गाठ.

आणि डिस्टेंपर. पिल्लांना होणारा हा विषाणूचा आजार आधी ताप, नाक-डोळे वाहणं आणि जुलाब असा दिसतो, मग मेंदूपर्यंत जातो. लसीनं तो टाळता येतो. आपल्या भागात ही लस आणखी एका कारणासाठी महत्त्वाची आहे. कोयना अभयारण्य हा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे, आणि डिस्टेंपर कुत्र्यांकडून जंगलातल्या मांसभक्षक प्राण्यांनाही होऊ शकतो. २०१८ मध्ये गीरच्या जंगलात सिंह दगावले तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता.

हे सगळं तपासून काहीच सापडलं नाही आणि पहिली फीट सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली असेल, तर बहुतेक वेळा तो जन्मजात कल असलेला अपस्मार असतो. लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड, बीगल, गोल्डन रिट्रीव्हर या जातींमध्ये तो जास्त दिसतो, पण गावठी कुत्र्यालाही होतो. तुम्ही काही चुकीचं खायला घातलं म्हणून, तुम्ही हॉस्टेलला गेलात म्हणून तो होत नाही. ‘बाहेरचं’ काही नसतं, अंगाऱ्यानं तो जातही नाही.

गोळीचं गणित

एकच फीट येऊन गेली तर डॉक्टर कधी कधी नुसतं लक्ष ठेवायला सांगतात. सहा महिन्यांत दोन किंवा जास्त फिट्स, एका दिवसात अनेक किंवा पाच मिनिटांवर गेलेली फीट, असं असेल तर साधारणपणे रोजची गोळी सुरू होते. सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे फिनोबार्बिटोन. १९१२ मध्ये जर्मनीत ते माणसांच्या अपस्मारावर पहिल्यांदा वापरलं गेलं. शंभरहून जास्त वर्षं जुनं, तुलनेनं स्वस्त आणि कुत्र्यांमध्ये आजही उपयोगी.

हे औषध दर बारा तासांनी द्यायचं असतं. सकाळी सातला दिलं की संध्याकाळी सातला. पहिले दोन-तीन आठवडे कुत्रा पेंगतो, मागचे पाय लटपटतात, तहान-भूक वाढते, लघवी वाढते. घरचे घाबरून म्हणतात, ‘औषधानं बिघडला हा,’ आणि गोळी बंद करतात. इथंच घात होतो. हे औषध अचानक बंद केलं, तर आधीपेक्षा मोठ्या, थांबता न थांबणाऱ्या फिट्स येऊ शकतात. पेंगणं बहुतेक कुत्र्यांमध्ये हळूहळू कमी होतं. कमी झालं नाही तर डोस डॉक्टर बदलतील, आपण नाही. सुरुवातीला साधारण दोन आठवड्यांनी रक्तातलं औषधाचं प्रमाण आणि पुढे दर सहा महिन्यांनी लिव्हर तपासून घ्यायचं.

घरात कोणाला फिट्सचा त्रास असेल तर त्यांची गोळी अर्धी करून कुत्र्याला देण्याचा मोह होतो. करू नका. माणसांना सर्रास दिली जाणारी फेनिटॉइनची गोळी कुत्र्याच्या शरीरातून इतक्या लवकर निघून जाते की तिचा उपयोग होत नाही. एका गोळीनं भागलं नाही तर डॉक्टर दुसरं औषध जोडतात, लेव्हेटिरासिटाम किंवा पोटॅशियम ब्रोमाइड. ब्रोमाइड चालू असेल तर मिठाकडे लक्ष द्या. खाण्यातलं मीठ एकदम वाढलं की ब्रोमाइड लघवीवाटे लवकर बाहेर पडतं आणि रक्तातलं प्रमाण उतरतं. चिपळूणहून आलेलं सुकट, पापड, लोणच्याचा खार लागलेला भात हे लाड बंद.

एक गोष्ट आधीच मनाशी पक्की करा. औषध म्हणजे फिट्स कायमच्या गायब, असं नेहमी होत नाही. महिन्याला चारच्या ऐवजी दोन महिन्यांतून एक आली, तर डॉक्टर त्याला यश मानतात. काही कुत्र्यांमध्ये औषधांनी पुरेसा फरक पडत नाही, हेही खरं. पण योग्य उपचार मिळालेले कितीतरी कुत्रे वर्षानुवर्षं खेळत-भुंकत जगतात.

घाट, पाऊस आणि पत्ता

पुण्या-मुंबईत रात्री उघडा दवाखाना सापडतो, मुंबईकरांना परळचं ‘बैलघोडा’ असतं. आपल्याकडे तालुक्याचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, पण तिथं मुख्य काम गाई-म्हशींचं. खासगी डॉक्टरसाठी कराड नाहीतर घाट उतरून चिपळूण. मोठ्या तपासण्यांसाठी आपल्याच जिल्ह्यात, पुणे हायवेवर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पशुवैद्यकीय मदतीची सरकारी हेल्पलाइन आहे १९६२, हा नंबर सेव्ह करा.

म्हणजे इथं तयारी आधी लागते. कोयनेत वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यात दरडी कोसळल्या, माणसं गेली, रस्ते बंद पडले, हे कोणी विसरलेलं नाही. अशा दिवसांत गोळ्यांचा पत्ता संपला तर? त्यामुळे पावसाळ्याआधीच घरात किमान महिनाभराचं औषध हवं. ते चिठ्ठीशिवाय मिळत नाही, म्हणून चिठ्ठीचा फोटोही हवा. लांबलेली फीट दवाखान्यात पोहोचेपर्यंत आटोक्यात ठेवायला घरी गुदद्वारातून किंवा नाकातून देता येणारं औषध असतं. त्याबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, ते कसं द्यायचं हे शिकून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून मागा. घाटात अडकलेल्या गाडीत ती दहा मिनिटं फार मोलाची असतात.

आणि रात्री अशा कुत्र्याला अंगणात बांधू नका. फीटमध्ये साखळीचा फास बसतो, आणि आपल्याकडे बिबट्याही येतो. नदीवर, धरणाच्या पाण्याकडे एकट्याला सोडायचं नाही.

तुम्ही लांबून काय करू शकता?

खूप काही. बारा तासांचे दोन अलार्म तुमच्या मोबाइलवर लावा आणि घरी एक मिस्ड कॉल द्या. बाबांची शिफ्ट, आईचा स्वयंपाक यात गोळी राहते ती अशी नाही राहणार. गोळी भाकरीच्या तुकड्यात तूप लावून नाहीतर उकडलेल्या अंड्यात जाते, हे एकदा सुट्टीत करून दाखवा.

घरी एक वही ठेवा. तारीख, सुरू झाल्याची वेळ, किती सेकंद, आधी काय करत होता, नंतर किती वेळ भांबावलेला होता, गोळी चुकली होती का. आजी म्हणाली, ‘अमावास्येलाच येते,’ तर भांडू नका. एक रकाना तिथीचा करा. सहा महिन्यांनी वहीच सांगेल. हीच वही डॉक्टरच्या टेबलावर ठेवली की डोस ठरवताना अंदाज लागत नाही.

फॅमिली ग्रुपवर एक वेळापत्रक टाका. पण सगळं आईवर ढकलून वर सूचना देणारे होऊ नका. फीटनंतर घाण झालेली फरशी तिनं रात्री दोनला पुसलेली असते. तिला झोप लागत नसेल, कुत्र्याला घरात एकटं सोडून लग्नाला जायची भीती वाटत असेल, तर तेही ऐकून घ्या. वीकेंडला घरी आलात की दोन दिवस गोळी, वही, रात्रीचं जागरण तुमचं.

अजून एक. फिट्स येणाऱ्या माणसांकडे आपला समाज कसा बघतो ते आठवा. १९९९ पर्यंत आपल्या हिंदू विवाह कायद्यात वारंवार फिट्स येणं हे लग्न रद्द करून घेण्याचं कारण धरलं जायचं. कायदा बदलला, कुजबुज पूर्ण बदलली नाही. वर्गात एखाद्याला फीट आली तर अजूनही अर्धे मागे सरकतात, उरलेले चप्पल शोधतात. घरच्या कुत्र्यासाठी शिकलात तेच तिथंही कामाला येतं. वेळ बघा, डोक्याखाली काहीतरी मऊ ठेवा, तोंडात काही कोंबू नका, कुशीवर वळवा, गर्दी हटवा, पाच मिनिटांवर गेली तर १०८ ला फोन करा.

आज रात्री घरी व्हिडिओ कॉल लावाल तेव्हा ‘मोत्याला दाखव’ म्हणण्याआधी दोन प्रश्न विचारा. त्याची रेबीजची लस कधी झाली? आणि गोळी चालू असेल तर पत्ता किती दिवस पुरेल? उत्तर ‘बघावं लागेल’ असं आलं, तर फोन ठेवू नका. आई बघून येईपर्यंत थांबा.